ओलं फडकं

९ मार्च

सत्तरीला टेकलेल्या माणसानं छपरावर चढू नये, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मी खाली शिडी धरून उभी होते, तेव्हाच सांगत होते. पण यांना टिटवीची पाठ वरून कशी दिसते ते बघायचं होतं. मागच्या माळावर टिटव्यांची जोडी आली आहे, त्यांचे पंख पाठीवर कसे मिटतात ते समोरून नीट कळत नाही म्हणे. बघून झालं, "कळलं गं!" असं ओरडले, आणि त्याच आनंदात जिथे छप्पर संपतं तिथे पाय टाकला.

डावा पाय मोडला, उजवं मनगटही. जन्मभर शिल्पांना प्लास्टरमध्ये घालणारा माणूस आता स्वतःच प्लास्टरमध्ये. हा विनोद मी दवाखान्यात केला. हे हसले नाहीत. मग बाहेरच्या बाकावर बसून मीच रडून घेतलं.

दवाखान्यात बोलायला कोणी नाही म्हणून ही डायरी काढली. लेकीनं कधीतरी दिलेली, पिशवीत कोरीच पडली होती.

१२ मार्च

आज पायाचं ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर यांचं पहिलं वाक्य: "फडकं ओलं आहे ना?"

बायको जेवली का, झोपली का, ते राहू दे.

लग्न झाल्यापासून माझं हे काम आहे. हे मातीत काहीतरी घडवतात. बेडूक, घुबड, शेंगा, गोगलगाय, एकदा तर नुसतं वाळलेलं पान. माती सुकली की तडकते, म्हणून रोज संध्याकाळी मूर्तीवर ओलं फडकं गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिक. पाहुणे विचारतात, "तुम्हीही काही करता का?" मी सांगते, "मी फडकी ओली करते." लोकांना वाटतं मी नम्रपणे बोलते आहे.

सध्या शेडमध्ये टिटवी आहे. नव्या वाचनालयाच्या अंगणात बसवायची आहे, पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी मोठी. अंड्यांवर बसलेली, मान ताठ, चोच उघडी, साऱ्या जगाशी भांडायला निघालेली. अगदी यांच्यासारखी. वर्षभर तिच्यातच आहेत. मे महिन्यात साचेवाला येऊन मातीवरून साचा घेईल आणि मग ती धातूत ओतली जाईल. एवढं मोठं काम यांनी कधी केलं नव्हतं, आणि पुन्हा होणार नाही असं स्वतःच म्हणतात.

"ओलं आहे," मी म्हटलं. खरं तर पडल्यापासून मी घरी गेलेच नव्हते.

१३ मार्च

घरी गेले. प्लास्टिक वाऱ्यानं उडालेलं, फडकं पापडासारखं कडक. मानेवर तडे. माझं डोकंच फिरलं. बादली भरून आणली आणि मगानं मानेवर ओतली. फडकं न पिळताच गुंडाळलं. दुपारी पुन्हा ओतली, संध्याकाळी पुन्हा. हे असते तर ओरडले असते, "अगं, आंघोळ घालतेस का तिला!" पण हे नव्हते ना.

१६ मार्च

लिहवत नाही, तरी लिहिते. मान पडली.

फडकं सोडलं तर डोकं फडक्याबरोबरच हातात आलं. मानेतली जाड तार खाली वाकली होती आणि माती चिखल होऊन छातीवर घसरली होती. मी ती तार वर ओढायला गेले तर छातीलाच चीर पडायला लागली, तेव्हा सोडून दिलं. चोचीचे तुकडे झाले. एक डोळा माझ्या पदराला चिकटला होता, तो घरात आल्यावर दिसला.

वर्षभराचं काम मी पाण्यात घातलं. यांना काय सांगू? आधीच माणूस मोडून पडलाय.

१९ मार्च

हे घरी आले. पलंग खिडकीपाशी लावलाय. खिडकीतून अंगण दिसतं, अंगणापलीकडे शेड. मधल्या पायऱ्या उतरायला डॉक्टरांनी बंदी केली आहे. देव त्या डॉक्टरांचं भलं करो.

"कशी आहे गं ती?"

"मजेत आहे."

"मान?"

"जिथल्या तिथे," मी म्हटलं आणि चहा टाकायला पळाले. साखर दोनदा घातली.

२२ मार्च

आज नशीबच उघडलं म्हणायचं. मी उशी बदलत होते आणि हे आपले स्वतःशीच जुन्या आठवणी काढत बसले. तरुणपणी यांच्या एका हरणाची मान पडली होती म्हणे. मी कान टवकारले, पण चेहरा मात्र उशीकडे.

"ओढून वर करायची नसते गं. तार जिथे गेली तिथेच राहू द्यायची. ओली माती सगळी काढून टाकायची, उरलेली जरा घट्ट होऊ द्यायची. मग बोराएवढे गोळे करून एकेक लावत जायचं. घाई करायची नाही."

"तुमचं आपलं काहीतरी," मी म्हटलं. मग सरळ शेडमध्ये गेले आणि सगळा चिखल काढून ठेवला.

माझा विचार एवढाच आहे की हे उठेपर्यंत तिला निदान डोकं असावं. नीट यांनी करावं, नंतर.

२७ मार्च

माळावरच्या टिटवीनं अंडी घातली. शेडच्या मागच्या दारातून दिसतात, म्हणजे दिसत नाहीत. दगडांत दगडासारखी. ती उठली की कळतं.

बोराएवढे गोळे लावले. मान झाली, पण खाली झुकलेली, एका बाजूला कललेली. तारच तशी आहे, मी काय करणार? डोकं बसवलं तर बटाट्यासारखं दिसलं. पुन्हा काढलं.

१ एप्रिल

आज दिवसभरात तीनदा डोकं बसवलं आणि तीनदा काढलं. मग कंटाळून मागच्या दारात बसून खऱ्या टिटवीकडे बघत राहिले. डोळ्याच्या पुढे जरा खोलगट आहे. मी तिथे फुगवत होते.

४ एप्रिल

यांनी चहाचा कप घेताना माझा हात धरला आणि नखांकडे बघितलं.

"माती?"

"कुंड्या," मी म्हटलं. "कुंड्यांतली माती उकरली जरा."

"बरं केलंस. फार पाणी घालू नकोस हं. हातच ओला करायचा, कुंडी नाही."

आमच्या घरात कुंड्या दोन, त्यातली एक रिकामी. पण यांच्या लक्षात कुठे असतं असलं काही?

९ एप्रिल

ऊन वाढलंय. आज एक गंमत पाहिली. टिटवी अंड्यांवरून उठली, आमच्या गळक्या नळाच्या डबक्यात आली, पोट भिजवलं आणि तुरुतुरु परत जाऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. अंडी तापू नयेत म्हणून. मी हातात फडकं घेऊन उभी होते. म्हटलं, बाई, तुझंही माझंच काम गं.

यांना सांगितलं. हे उशीवरून अर्धे उठून बसले. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं पक्षी बघतोय, हे मला कधी दिसलं नाही." मग खोदून खोदून विचारलं, बसताना पंख कसे असतात, छाती कुठे टेकते, मान कुठे असते. मी सगळं हातवारे करून सांगितलं, दोन्ही कोपर बाहेर काढून पलंगाच्या कडेवर बसूनही दाखवलं. नेमका तेव्हाच लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, "आई, तू काय करतेस?" हे म्हणाले, "अंडी उबवते आहे."

१५ एप्रिल

पंख सैल केले. यांनी ते घट्ट मिटलेले केले होते. पण ती अशी बसत नाही, मी रोज बघते ना. जरा सैल, बाहेरच्या बाजूला, अंड्यांवर सावली पडेल असे. हात लावायचा नव्हता, मान दुरुस्त करण्यापुरतंच ठरलं होतं. पण पंखांनी मानेचं ऐकायला नको का? एकीकडे मान झुकलेली आणि दुसरीकडे पंख कडक. ते खोटं दिसत होतं.

म्हणजे आता मी पंखही बिघडवले.

२१ एप्रिल

प्लास्टर निघालं, पायाचं आणि हाताचंही. पाय वाळक्या फांदीसारखा झालाय, तो बघून हे म्हणाले, "याचं शिल्प करायला हवं." मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आला माणूस ताळ्यावर. आणि लगेच लक्षात आलं. आता हे शेडमध्ये जाणार.

पण गेले नाहीत. "पायऱ्या उतरवणार नाहीत इतक्यात," म्हणाले.

२५ एप्रिल

व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. आज दारात मला हळूच म्हणाली, "आजोबांचा पाय छान भरून आलाय. अंगणात सहज फिरू शकतात. पण म्हणतात दुखतो. हातात जोर नाही म्हणतात. तुम्ही जरा बोलून बघा."

हातात जोर नाही? सकाळी संत्र्याची साल एका सलग पट्टीत सोलली. काल भिंतीवरच्या घड्याळाचा बारीक स्क्रू बसवून दिला. मग शेडमध्येच का जायचं नाही?

मला वाटतं, यांचं मन उडालं. पडल्यावर माणूस भितो. तिकडे टिटवी माझ्या हातून गेली, आणि इकडे हे असे. मला फार वाईट वाटतंय. मी तिच्यापाशी बसते तेव्हा मात्र वाईट वाटत नाही. याचंही वाईट वाटतं.

२८ एप्रिल

माळावर कुत्रा आला. टिटवी अंड्यांवरून उठली आणि एक पंख जमिनीवर घासत, लंगडत, केकाटत निघाली. मला वाटलं मोडला! कुत्रा तिच्या मागे. ती त्याला पार रस्त्यापर्यंत घेऊन गेली आणि तिथून भुर्रकन उडाली, धडधाकट. काय नाटकी बाई आहे! कुत्रा बावळटासारखा बघत राहिला.

यांना सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला नाही वाटत त्यात एवढं हसण्यासारखं काही होतं.

"जेवायला टेबलापाशी येता का?" मी विचारलं.

"नको गं, इथेच दे. आज पाय फार ठणकतोय."

२ मे

आज मीच हिय्या केला. म्हटलं, "चला, मी धरते, शेडपर्यंत जाऊ." मनात म्हणत होते, ओरडतील, रडतील, पण निदान माती दिसेल, हात लावावासा वाटेल. माणूस परत मिळाला तर टिटवी गेली तरी चालेल.

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अजून नाही." मग विचारलं, "तुझं फडकं वेळेवर होतंय ना?"

मी सुटले असं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

५ मे

कालची रात्र लेकीकडे काढली. तिनं घर बदललं, खोकी लावायला गेले होते. तिथे पोचल्यावर आठवलं की निघताना फडकं ओलं केलंच नाही. या उन्हात! जीव टांगणीला लागला. लेक म्हणाली, "बाबांना फोन कर ना." म्हटलं, ते काय करणार, पायऱ्या उतरवत नाहीत त्यांना.

सकाळी धावत आले तर फडकं ओलं. नीट पिळलेलं, सगळीकडून सारखं. रात्री दमट हवा असेल. देवाचीच कृपा. गाठ मात्र डावीकडे होती, उलटी. निघायच्या गडबडीत मीच तशी मारली असणार.

७ मे

पिल्लं येणार आहेत. टिटवी आज सारखी मान खाली घालून, कलती करून, अंड्यांपाशी कान नेत होती. आतून आवाज येत असणार. मी श्वास रोखून बघितलं आणि मग शेडमध्ये येऊन आमच्या टिटवीकडे बघितलं. तीही तशीच. तार वाकली होती म्हणून तशी झाली, मी काही ठरवून केलं नव्हतं. चोच तेवढी अर्धवट उघडी राहिली होती, ती आज मिटली. ऐकताना कोण तोंड उघडं ठेवतं?

मग बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला ती आवडते. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

११ मे

उद्या साचेवाला. आज सांगायचंच असं ठरवून यांच्याजवळ गेले. म्हटलं, "अहो, एक सांगायचंय." हे म्हणाले, "उद्या सांग." "उद्या उशीर होईल." "नाही होणार," असं म्हणून कूस बदलून झोपले. माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि हा माणूस घोरतोय.

१२ मे

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही.

साचेवाला सकाळी आला. पोरगा होता तेव्हापासून यांच्याकडे येतो, आता त्याचेही केस पिकलेत. मी त्याला शेडमध्ये नेलं. फडकं सोडलं. त्यानं टोपी काढली, टिटवीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी.

"वहिनी, हे दादांचं नाही."

"बिघडलंय ना?" मी म्हटलं. "मान माझ्याकडून पडली. मी आपलं जमेल तसं—"

"दादा माती ढकलतात. ही माती कुणीतरी थोपटलेली आहे." त्यानं टिटवीच्या खांद्यावरून बोट फिरवलं. "मी साचा घेऊ की थांबू?"

"घे," मागून आवाज आला.

हे दारात उभे होते. हातात काठी नाही, पायात चपला, आणि पायऱ्या उतरून आले होते.

"अहो, पाय!" मी किंचाळले.

"पाय कधीचा बरा आहे."

साचेवाला हुशार. गाडीतून प्लास्टरची पोती आणतो म्हणाला आणि निघून गेला. हे टिटवीपाशी आले. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. ओरडतील म्हणून अंग चोरून उभी होते.

"मी वर्षभर हिची मान ताठ करत होतो," हे म्हणाले. "रोज वाटायचं, काहीतरी खोटं आहे. काय ते कळत नव्हतं. छपरावर त्यासाठीच चढलो होतो. आणि तू मागच्या दारात बसून बघितलंस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू साखर दोनदा घातलीस त्या दिवसापासून. मग नखं. मग त्या कुंड्या." हे हसायला लागले. "कुंड्या म्हणे!"

"मग बोलला का नाहीत? मी रोज मरत होते इथे! मला वाटलं तुमचं मनच उडालं. त्या व्यायामवाल्या मुलीला खोटं सांगितलंत, मला खोटं सांगितलंत, पाय ठणकतोय म्हणे—"

"मी उठून आलो असतो तर तू हात धुऊन बाजूला झाली असतीस. 'घ्या, तुमचं तुम्ही करा' म्हणाली असतीस."

म्हणाले असते. अगदी याच शब्दांत.

मी खाली बघितलं. फडकं माझ्या हातातच होतं. तेव्हा आठवलं.

"लेकीकडे गेले होते त्या दिवशी," मी म्हटलं, "फडकं..."

"संध्याकाळ झाली तरी तू भिजवलेलं दिसलं नाही. खिडकीतून कळतं मला, इतकी वर्षं बघतोय. म्हणून आलो. फडकं पिळताना मनगट दुखायला लागलं, गाठ डाव्या हातानं मारावी लागली."

"म्हणजे तुम्ही तेव्हा बघितलीत हिला."

"बघितली."

"वाईट वाटलं?"

हे खोटं बोलले नाहीत. "आधी वाटलं. माझी वाटेना ती मला. मग खाली बसलो जरा. मग नाही वाटलं."

"आणि हात नाही लावलात? जरासुद्धा?"

"एका हातात फडकं होतं. दुसरा खिशात ठेवला."

ज्या माणसानं लेकीच्या लग्नात एका पाहुण्याच्या पोरीच्या हातातल्या बाहुलीचं नाकही नीट करून दिलं होतं, तो म्हणतो हात खिशात ठेवला. "नाटकी माणूस!" एवढंच म्हटलं, आणि त्याच ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. तोंडभर माती लागली. साचेवाला पोतं घेऊन आत आला आणि आम्हा दोघांकडे बघून पुन्हा बाहेर गेला.

१३ मे

साचा निघाला. मातीची टिटवी त्यात मोडली. मोडतेच, दर वेळी मोडते, मला काय ते नवीन नाही. पण या वेळी मी तिकडे पाठ करून उभी राहिले. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आता कळलं, साचा निघतो त्या दिवशी मी जेवत का नाही ते?"

वाचनालयाला यांनी फोनवर सांगितलं की पाटीवर दोघांची नावं टाका, माझं आधी. मी म्हटलं, कशाला. हे म्हणाले, "बरं, मग तुझं एकटीचं." मी लगेच म्हटलं, दोघांचीच राहू दे.

माळावर पिल्लं फिरतायत. कापसाच्या बोळ्यांना पाय फुटल्यासारखी.

१४ मे

सवयीनं संध्याकाळी बादली घेऊन शेडमध्ये गेले. तिथे आता काही नाही हे अर्ध्या अंगणात आठवलं, तरी गेले. हे आधीच तिथे. बाह्या मागे केलेल्या, कोपरापर्यंत माती, घाम. स्वतःच्या जागेवर काही मांडलेलं नव्हतं. खिडकीपाशी, मागच्या दारातून माळ दिसतो तिथे, एक बुटकं स्टूल ठेवलं होतं. मी बसले की हात पोचेल एवढं. त्यावर फडक्यात गुंडाळलेला मोठा गोळा.

"काय आहे हे?"

"माती. मळून ठेवली. घट्ट नाही, सैल नाही."

"मी काय करू तिचं?"

"मला काय विचारतेस?"

मी म्हटलं, आज नाही, आज स्वयंपाक व्हायचाय, उद्या बघू. हे म्हणाले, उद्या तर उद्या, सुकणार नाही. आणि हात धुवायला नळावर गेले, थोडे लंगडत. या वेळी खरंच लंगडत होते, दिवसभर उभे राहून माती मळली असणार.

मी जवळ जाऊन बघितलं. फडकं चांगलं ओलं होतं, घट्ट पिळलेलं. गाठ डावीकडे, उलटी.